जागल्या

पहिल्यांदा काहीच झालं नाही.
हे आधी सांगते, कारण सगळे तिथेच फसतात.
कानबाईच्या रोटांनंतर पोट बिघडलं,
सुपडूभाऊ कंपाउंडरने कागदाच्या पुडीत
पांढऱ्या गोळ्या दिल्या, मधोमध रेघ असलेल्या.
तीन दिवसांत मी बरी झाले
आणि आत कुणीतरी नाव लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी लघवीची जळजळ. तीच गोळी.
रात्री भांडी घासता घासता
खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात ठिणगी पडली.
वाटलं, ठेच्यातली मिरची असेल.
सकाळी आरशात जांभळा गोल, हरभऱ्याच्या डाळीएवढा.
पंधरवड्यात आग गेली, काळं राहिलं.

नळावर बाया बघायच्या.
"आशाताई, मिशेरी लावाले लागनी का व?"
सासू काही बोलली नाही.
फक्त तिची मिशेरीची डबी
फळीवरून काढून कमरेला खोचली.

तिसऱ्यांदा पाकीट वेगळं होतं,
कंपनी वेगळी, नाव वेगळं,
आत औषध तेच.
मी फसले. ओठ फसला नाही.
अर्ध्या तासात, त्याच जागी,
केसाएवढंही इकडेतिकडे न सरकता.

धुळ्याला डॉक्टर नेहेतेबाईंनी भिंग धरलं.
म्हणाल्या, गोळी एकटी फार बारीक,
आतल्या पहारेकऱ्यांना ती दिसतही नाही.
पण तुमच्याच अंगातल्या एखाद्या प्रथिनाच्या
खांद्यावर जाऊन बसते,
मग घरचंच माणूस परकं दिसायला लागतं.
ते ओळखत नाहीत. मारतात.
"कुणाला?"
"तुमच्याच कातडीला."

"आणि मारून झाल्यावर?"
"बाकीचे निघून जातात. काही राहतात,
डागाच्या तळाशी, वर्षानुवर्षं."

मला माहेरचा वेडूबाबा आठवला, गावचा जागल्या.
चोरी एकदाच झालेली, वाण्याच्या दुकानात.
तेव्हापासून मरेपर्यंत रोज रात्री
तो त्याच ओट्यावर बसे.
एका थंडीत त्याने वाण्याच्याच पोराचं डोकं फोडलं,
कुणाची तरी घोंगडी पांघरून
ते घरी येत होतं म्हणून.
वाईट नव्हता. इसरत नव्हता, एवढंच.

बाईंनी लाल शाईने औषधाचं नाव लिहून दिलं.
"हा कागद पर्समध्ये. कुठेही जा, आधी हा दाखवा.
तुमचं ओठावर निभावलं.
कुणाचं सगळं अंग सोलून निघतं, तोंड येतं, डोळे जातात.
गोळीनंतर ताप आणि फोड दिसले
तर अंगारा लावत घरी बसायचं नाही."

परतीच्या एसटीत मांडीवर माझी पिशवी होती.
अकरा वर्षं गावाला गोळ्या वाटते मी.
तापाच्या, जुलाबाच्या, लोहाच्या.
पारोळा येईपर्यंत मोजत राहिले,
देण्याआधी कितींना विचारलं?
बोट दुमडायची वेळ आली नाही.

काल बोरी नदीच्या पल्याड दगूबाईकडे गेले.
कणकण होती तिला, हात पुढे केलेला.
"आधी कधी गोळीने अंगावर काही उठलं का?"
"मले? काहीच नही व माय," ती म्हणाली,
आणि उजव्या हाताचा अंगठा
आपोआप डाव्या मनगटाकडे गेला,
बांगड्या वर सारून
एक काळा रुपया चोळत राहिला.

मी गोळ्यांचं पान पिशवीत परत ठेवलं,
तिच्या ओट्यावर टेकले.
"हा कधीपासून?"